मुलीचे फॉरेन्सिक शिक्षण आणि चुकीच्या माणसाचा विमा

प्रश्न : माझे वय 48, नाशिकला खासगी नोकरी, हातात महिना 65,000 रुपये येतात. मुलीला बारावीनंतर खासगी विद्यापीठातून फॉरेन्सिक सायन्समध्ये बी.एस्सी. करायची आहे, वसतिगृहासह तीन वर्षांचा खर्च 9 लाख. 5 लाखांची मुदत ठेव मोडावी की शैक्षणिक कर्ज काढावे? तिच्या शिक्षणासाठी घेतलेल्या पॉलिसीचा पहिला कागद जोडला आहे.

उत्तर : आपला प्रश्न कर्जाचा आहे, पण मला काळजी वाटते ती त्या कागदाची. त्यावर विमाधारक, म्हणजे जिच्या जिवाचा विमा उतरवला ती व्यक्ती, म्हणून मुलीचे नाव आहे, आपले नाही, आणि हप्तामाफीचा रायडरही (हप्ता भरणारा गेल्यास पुढचे हप्ते माफ करणारी जोड-तरतूद) नाही. घर आपल्या पगारावर चालते. उद्या आपले काही बरेवाईट झाले, तर या पॉलिसीतून घराला काहीही मिळणार नाही, उलट हप्ता भरायचा उरेल. वर्षाला 60,000 प्रमाणे पंधरा वर्षांत 9 लाख भरून अंदाजे 13 लाख मिळणार, म्हणजे परतावा जेमतेम साडेचार टक्के. तोही नऊ वर्षांनी, मुलगी सत्तावीस वर्षांची झाल्यावर. याला शिक्षणाची योजना म्हणून विकणाऱ्याने आपली फसवणूक केली, असेच मी म्हणेन. आधी स्वतःचा साठाव्या वर्षापर्यंतचा 1 कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाल्यासच रक्कम देणारा शुद्ध विमा) घ्या. प्रकृती ठीक असल्यास तो या हप्त्याच्या निम्म्याच्या आसपास बसेल. तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी पेड-अप केल्यास (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवल्यास) किती आणि सरेंडर केल्यास (आताच बंद करून पैसे घेतल्यास) किती मिळेल, हे कंपनीकडून लेखी घ्या आणि मग ठरवा. सहा वर्षांचे 3 लाख 60 हजार गेले म्हणून पुढचे 5 लाख 40 हजार भरत राहू नका.

आता शिक्षण. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने) सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाची घटनास्थळ-भेट बंधनकारक केली आहे, हे खरे. पण त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे, आणि प्रयोगशाळांतील वैज्ञानिक पदांसाठी अनेकदा एम.एस्सी. मागतात. त्यामुळे बी.एस्सी. होताच 50,000 पगार, ही प्रवेशाच्या वेळी दाखवलेली आशा हिशेबात धरू नका. खर्च तीन नव्हे, पाच वर्षांचा मोजा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय संस्थांचा पर्याय आधी पाहा, किंवा नाशिकलाच रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून एम.एस्सी.ला फॉरेन्सिक घेता येईल. तरीही खासगीच हवे असेल, तर 6 लाखांच्या कर्जाचा दहा टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता सुमारे 10,000 येतो, आणि शिक्षणकाळातील व्याज वेगळे. कर्जात सहकर्जदार आपणच असाल, म्हणून टर्म विमा आधी, कर्जाचा अर्ज नंतर. मुदत ठेव मात्र मोडू नका. घरात दुसरी गंगाजळी दिसत नाही.