सेमाफोर म्हणजे कोणता बावटा?

प्रश्न असा आहे: नौदलावरच्या लेखाचा अनुवाद करताना 'सेमाफोर' आणि 'फ्लॅग हॉइस्ट' या दोन्हींना 'ध्वजसंकेत' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही, कारण दोन्हींत कापड असलं तरी बोलणारा वेगळा आहे. सेमाफोरमध्ये खलाशी दोन हातांत दोन बावटे घेऊन उभा राहतो आणि हात कुठल्या कोनात आहेत त्यावरून एकेक अक्षर वाचलं जातं. समुद्रावर हे बावटे बहुधा लाल-पिवळे असतात, पण तो रंग फक्त लांबून दिसावा म्हणून. फ्लॅग हॉइस्टमध्ये उलट आहे. तिथे रंग आणि आकार बोलतात. दोरीला बांधून वर चढवलेले बावटे वरून खाली वाचायचे आणि अर्थ संकेतपुस्तकात शोधायचा. म्हणून मी पहिल्याला 'हातबावटे' म्हणेन आणि दुसऱ्याला 'बावट्यांची माळ'.

पुस्तकात शब्द नसला की काय होतं, याचा मासला १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत सापडतो. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या 'इंग्लंड एक्स्पेक्ट्स दॅट एव्हरी मॅन विल डू हिज ड्यूटी' (प्रत्येकाने आपलं कर्तव्य बजावावं, अशी इंग्लंडची अपेक्षा आहे) या प्रसिद्ध संदेशातले पहिले आठ शब्द प्रत्येकी तीन आकडी बावट्यांत मावले, पण शेवटचा 'ड्यूटी' पुस्तकात नव्हता. तो अक्षर अक्षर करून चार माळांत चढवावा लागला. नेल्सनला आधी 'एक्स्पेक्ट्स'च्या जागी 'कन्फाइड्स' (भरवसा आहे) हवा होता. संकेत-अधिकारी पास्को याने पुस्तकात असलेला 'एक्स्पेक्ट्स' सुचवला, म्हणून आज ते वाक्य तसं आहे.

या माळेला उत्तरही असतं. समोरच्या जहाजाने उत्तराचा बावटा अर्ध्यावर चढवला तर 'दिसलं', पूर्ण वर नेला तर 'कळलं'. (हा फरक घराघरांत लागू करायला हवा.)

आता 'ध्वज' की 'बावटा'? ध्वजाला आपण वंदन करतो, त्यामुळे 'तीन ध्वज चढवले' ऐकताना उगाच सावध उभं राहावंसं वाटतं. बावटा कामाचा शब्द आहे, कानडीतही 'बावुट' आहे. शिवाय किनाऱ्यावर तो 'इशारा' या अर्थापर्यंत पोचलाय. वादळात बंदरात 'तीन नंबरचा बावटा' लागतो म्हणतात, पण दिवसा तिथे शंकू नि पिंपाच्या आकाराच्या खुणा टांगतात आणि रात्री दिवे. कापडाचा पत्ता नसतो! रेल्वेतही तेच. तिथला सेमाफोर म्हणजे खांबावरचा हलता हात; तो खाली पडला की गाडी सुटायची. हात जाऊन रंगीत दिवे आले, तरी जुनी माणसं 'सिग्नल पडला' म्हणतात.

आल्डिस दिव्याच्या, म्हणजे जहाजावरच्या संकेत-दिव्याच्या, मोर्स संदेशाला 'दिव्याची उघडझाप' पुरेसं आहे, कारण प्रकाश खरोखरच दिसतो नि लपतो. 'ब्राव्हो झुलु' मात्र भाषांतरू नका. बी आणि झेड हे दोन बावटे एकत्र, म्हणजे 'शाब्बास'. आपलं नौदलही तसंच म्हणतं. पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्या, पुढे मूळ शब्दच राहू द्या.