‘आंबे विकले’ एवढंच कसं लिहू?

ताई, मी पुण्यात बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव देवगडजवळ. गेले तीन उन्हाळे कोथरूडला हापूसच्या स्टॉलवर काम केलं. पहिल्या वर्षी मामाच्या, मग दोन वर्षं दुसऱ्या एका शेठकडे. विक्री करायचो, ऑर्डरींचे फोन घ्यायचो, रात्री हिशोब जुळवायचो. आता कॉलेजात कंपन्या येतायत. मित्रांच्या रेझ्युमेत इंटर्नशिपा आहेत, माझ्याकडे आंबे. रूममेट म्हणतो, ‘सेल्स एक्झिक्युटिव्ह’ लिहून टाक, कोण बघतंय? काय करू?
– आंबेवाला, पुणे

अरे आंबेवाल्या,

रूममेटचं ऐकू नकोस. ‘सेल्स एक्झिक्युटिव्ह’ लिहिलंस की पहिला प्रश्न येणार, कंपनी कोणती? दुसरा, टार्गेट किती होतं? तिथे तू चाचपडणार. ‘हंगामी विक्रेता, हापूस आंबा स्टॉल, कोथरूड’ असं सरळ लिही. समोरचा सावरून बसेल, कारण आंब्याबद्दल मत नसलेला माणूस पुण्यात अजून जन्मायचाय.

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तू जाता जाता सांगितलीस: ‘मग दोन वर्षं दुसऱ्या शेठकडे’. मामा भाच्याला ठेवणारच. पण परक्या माणसाने पुढच्या हंगामाला पुन्हा बोलावलं आणि रात्रीचा गल्ला तुझ्या हाती दिला, ही खरी शिफारस. म्हणून तिन्ही उन्हाळे एका मथळ्याखाली घे, वर्षं दिसू देत आणि पुढे ‘एप्रिल–मे’ लिही. दोन महिन्यांचं काम ताणून वर्षाचं करू नकोस.

आता साका, म्हणजे आंब्याच्या गरात आत होणारा पांढरट, खराब भाग. गिऱ्हाईक अर्धा कापलेला आंबा डब्यात घालून स्टॉलवर येतं. ‘हे बघा, आत पांढरं! एवढे पैसे मोजले आम्ही.’ मागे रांग. साका बाहेरून ओळखता येत नाही हे तुला ठाऊक, पण त्या क्षणी ते सांगून चालत नाही. मग काय केलंस? आधी बदलून दिलास आणि नंतर समजावलंस? शेठला विचारलंस, की तेवढा अधिकार तुझ्याकडे होता? हा एक प्रसंग नीट आठवून ठेव. ‘चिडलेल्या ग्राहकाशी कसं बोलाल?’ हे मुलाखतीत बऱ्याचदा विचारतात आणि बाकीची पोरं पाठ केलेलं म्हणून दाखवतात.

‘हा देवगडच कशावरून?’ हेही रोज ऐकलं असशील. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरणारे आहेतच. तुमच्या स्टॉलवर तसं होत नसेल, तर माल कसा ओळखायचा, गिऱ्हाइकाला कसं पटवायचं, हे बोलताना येऊ दे. कागदावर नको, तिथे जागा कमी.

कागदावर काय, तर आकडे. रोज साधारण किती पेट्या जायच्या? अक्षय तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी किती? रोख आणि यूपीआयचा ताळा तू एकटा लावायचास का? नव्या पोराला कधी शिकवलंस? जेवढं छातीवर हात ठेवून सांगता येईल तेवढंच लिही. बीकॉमच्या मुलाने रोजचा गल्ला जुळवलाय आणि तो रेझ्युमेत लिहितोय ‘वाचनाची आवड’, याला काय म्हणावं! आणि हो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, उंची काढून टाक. तो लग्नाचा बायोडेटा.

माझंही सांगते. कॉलेजात असताना मी तीन दिवाळ्या एका दुकानात उटण्याची पाकिटं भरली आणि काउंटर सांभाळला. पहिल्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, ‘आधी काही काम केलंय?’ मी म्हटलं, ‘नाही.’ लाज वाटली. नोकरी दुसऱ्या मुलीला मिळाली. नंतर कळलं, तिने राख्यांच्या स्टॉलवरचा एक महिना रंगवून सांगितला होता.

संदर्भासाठी मामाचं नाव नको, आडनावावरून नसलं तरी पहिल्याच फोनवर नातं कळेल. शेठचं नाव आणि नंबर दे, पण आधी त्यांना विचार, आणि आजच विचार. एकदा माल उतरायला लागला की ते तुझाही फोन उचलणार नाहीत, कंपनीचा तर सोडच.

– ताई