बाहेर पडण्याआधी कागद बघ

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. काउंटीचे कमिशनर सोमवारी ठराव करून काउंटीला रीजनल हाउसिंग ऑथॉरिटीतून, म्हणजे अनेक काउंट्यांनी मिळून चालवलेल्या गरिबांच्या घरांच्या संस्थेतून, बाहेर काढायला निघालेत आणि काय बोलावं ते तुला सुचत नाही. नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा उघड ना! ऑथॉरिटी स्थापन होते तीच मुळी शेजारशेजारच्या, मिळून 60,000 हून जास्त वस्तीच्या काउंट्यांनी प्रत्येकी ठराव केल्यावर. पुढे एखादी काउंटी वगळायची तर बाकीच्या सगळ्या काउंट्यांचे आणि खुद्द ऑथॉरिटीचेही ठराव लागतात. रोखे किंवा इतर कर्ज फिटायचं असेल, तर ते ज्यांना फेडायचं आहे त्या सगळ्यांची लेखी संमतीही लागते.

हे तुला कळेलच. मला घोर आहे तो वेगळा. कागद कुणाच्या नावावर आहे, ते बघितलंस का? ‘आमची व्हाउचरं परत आणू’ म्हणे! व्हाउचरं, म्हणजे गरीब कुटुंबांच्या भाड्यासाठीची सरकारी मदत, काउंटीची नसतातच गं. हडचा, म्हणजे केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचा, वार्षिक करार ऑथॉरिटीशी, घरमालकाचा करारही ऑथॉरिटीशीच. ती दुसऱ्या ऑथॉरिटीकडे वळवायची तर हडची मंजुरी हवी. ऑथॉरिटीच्या स्वतःच्या, सार्वजनिक घरांचं तर आणखी कठीण: 1 ऑक्टोबर 1999 ला ज्या ऑथॉरिटीकडे जितकी घरं होती, त्याहून जास्त घरांना हड पैसा देत नाही. उद्या काउंटीने स्वतःची नवी ऑथॉरिटी काढली, तर तिच्या वाट्याला काय येणार?

म्हणून कागद बघ. उद्याच रजिस्टर ऑफ डीड्सच्या, म्हणजे जमिनीचे दस्त नोंदवतात त्या, ऑफिसात जा. काउंटीतल्या सार्वजनिक घरांच्या जमिनीवर हडच्या बाजूने नोंदवलेलं डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट, म्हणजे त्या जमिनीवर हडचा हक्क राखणारा दस्त, काढ आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाच. सारांशावर भागवू नकोस, मला चालणार नाही.

मी नोकरीत असताना असाच ठराव आला होता. करार हातात पडेपर्यंत मी शिफारशीवर सही केली नाही. खोडा घालतो म्हणाले. बढती गेली, एक जुना मित्र बोलायचा बंद झाला. त्याचं आजही वाईट वाटतं. पण एक तारखेला भाडं कोण भरणार, हे त्या भाडेकरू बाईला सांगता येत नसताना मी सही कशी करणार होतो? आजही करणार नाही.

किती कुटुंबं कोणत्या करारावर आहेत, त्याची यादी घेऊनच सोमवारी उभी राहा. कमिशनर चिडले तर चिडू देत. आणि ठरावाचा मसुदा रविवारी मला फोनवर वाचून दाखव, कितीही उशीर झाला तरी.

तुझा,
काका