प्रश्न वाचकांचे : 'तरच' आणि 'शिवाय'चा घोळ

प्रश्न : मी बारावीला, कला शाखेत आहे. क्लॅट आणि एमएच-सीईटी लॉ या कायद्याच्या दोन्ही प्रवेश परीक्षा देणार आहे. उतारा नीट समजतो, पण 'इफ', 'ओन्ली इफ', 'अनलेस' आलं की शेवटी दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचा निवडला जातो. सराव कसा करू?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : उरलेल्या दोन पर्यायांपैकी एक बऱ्याचदा मूळ विधानच असतं, फक्त उलटं फिरवलेलं. म्हणून पर्याय वाचण्याआधी नियमाचा बाण कागदावर काढायची सवय लाव : 'क → ख' म्हणजे क असेल तर ख असतंच. आधी पर्याय वाचले की त्यातला ओळखीचा शब्द मन ओढून घेतो.

'ओन्ली इफ' म्हणजे 'तरच'. वाचनालयाचा नियम घे : 'सभासद असाल तरच पुस्तक घरी नेता येईल.' याचा बाण असा : पुस्तक नेलं → सभासद. पुस्तक नेणारा सभासद आहे, हे पक्कं. पण सभासद आहे म्हणून पुस्तक मिळेलच, असं नियम म्हणत नाही; त्याची वर्गणी थकलेली असू शकते. साध्या 'इफ'नंतरचा भाग बाणाच्या मागे येतो, तर 'ओन्ली इफ'नंतरचा बाणाच्या टोकाला. 'द ओन्ली'पासून मात्र सांभाळ. 'द ओन्ली पीपल हू बॉरो बुक्स आर मेंबर्स' अशा वाक्यात 'द ओन्ली'ला लागून येणारं वर्णन ('बॉरो बुक्स') बाणाच्या मागे जातं, टोकाला नाही. भरपूर सराव झालेली मुलंही इथे फसतात.

'अनलेस'साठी, म्हणजे 'शिवाय'साठी, एकच रीत पुरते : त्यानंतरचा भाग टोकाला ठेवायचा, आणि उरलेल्या भागाचा नकार करून तो मागे. 'अनामत भरल्याशिवाय सभासद होता येत नाही' यात उरलेला भाग 'सभासद होता येत नाही'. त्याचा नकार 'सभासद झाला'. म्हणजे सभासद → अनामत भरली. आता दोन्ही नियम जोड : पुस्तक नेलं → सभासद → अनामत भरली. ही साखळी उलटी वाचायची तर प्रत्येक कडीला नकार द्यावाच लागतो : अनामत नाही, म्हणून सभासद नाही, म्हणून पुस्तक नाही. हाच कॉन्ट्रापॉझिटिव्ह. नुसती दिशा बदलली किंवा नुसता नकार दिला, तर निष्कर्ष टिकत नाही.

नकार देताना 'आणि'चं 'किंवा' होतं, हे सगळ्यात जास्त निसटतं. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 10 बघ. पक्षकारांची मुक्त संमती, करार करण्याची पात्रता, कायदेशीर मोबदला, कायदेशीर उद्देश आणि कायद्याने तो ठराव स्पष्टपणे रद्दबातल ठरवलेला नसणं, हे सगळं जुळलं तर ठरावाचा (अ‍ॅग्रीमेंट) करार (कॉन्ट्रॅक्ट) होतो, म्हणजे तो कायद्याने बंधनकारक ठरतो. 'संमती मुक्त होती, म्हणून करार झाला' हा पर्याय चूक, कारण पाचातली एकच अट हातात आहे. उलट बाजूने, करार झालाच नाही असं दिलं असेल, तर किमान एक अट तुटली एवढंच म्हणता येतं. कोणती, हे उताऱ्याने सांगितल्याशिवाय ठरवू नकोस.

पहिले दोन आठवडे घड्याळ लावूच नकोस. रोज वीस सुटी वाक्यं घे. प्रत्येकाचा बाण काढ आणि खाली कॉन्ट्रापॉझिटिव्ह लिही. क्लॅट इंग्रजीतच असते, म्हणून ही वाक्यं इंग्रजीतलीच हवीत. मग उताऱ्यांकडे वळ. चुकलेल्या प्रश्नापुढे नुसतं बरोबर उत्तर लिहून भागत नाही, चुकीची जात लिही : बाण उलटला, नुसता नकार दिला, 'आणि'-'किंवा' चुकलं, की 'काही'ला 'सर्व' समजलं. थोड्याच दिवसांत एकच जात पुन्हा पुन्हा दिसायला लागते. पुढचा सराव फक्त तिच्यावर.

परीक्षेत प्रत्येक वाक्याचा बाण काढू नकोस, वेळ जातो. क्लॅटला 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात. तीन-चार अटी एकमेकींत गुंतल्या असतील तिथेच पेन्सिल उचल.

प्रश्न : मुलगा शंका असलेले प्रश्न सोडूनच देतो. हे बरोबर आहे का?
– एक पालक, सिंहगड रोड

उत्तर : एमएच-सीईटी लॉला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न रिकामा ठेवू नये. क्लॅटला चुकीमागे 0.25 गुण जातो. पण चारातले दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील, तर उरलेल्यांपैकी एक निवडणं सरासरीने फायद्याचंच : अशा दोन प्रश्नांत एक बरोबर, एक चूक आला तरी 0.75 गुण हाती राहतो. उताराच कळला नसेल, तर त्यावर वेळ न घालवता त्याने पुढे जावं.