सोसायटीने दिव्यांग मुलीसाठी लिफ्टजवळचं पार्किंग नाकारलं, आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या सात वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, घणसोलीच्या तुमच्या सोसायटीत लिफ्टजवळ दिव्यांगांसाठी आखलेली जागा तुम्ही मागितली, आणि कमिटीने ‘मुलगी काही गाडी चालवत नाही, शिवाय वॉकरने चालते की’ असं म्हणून अर्ज फेटाळला. नेरुळमध्ये माझ्या मुलाच्या वेळी मला हीच दोन कारणं ऐकवली होती. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. जागा मिळाली, पण पाच महिने गेले. त्यातले तीन मी चुकीचा मुद्दा धरून बसले म्हणून गेले, ते तुमचे जाऊ नयेत.

मी दरवेळी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाची टक्केवारी लिहिलेलं सरकारी ओळखपत्र, पुढे करत होते. कार्डावर 60 टक्के लिहिलंय, आणखी काय पुरावा हवा, असं माझं म्हणणं. त्यावर एका सदस्याने ‘म्हणजे 40 टक्के तर बरा आहे’ असं म्हटलं. मी घरी येऊन रडले. पण नंतर लक्षात आलं की टक्केवारीवरून मूल किती चालू शकतं हे खरंच कळत नाही. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट असते ती सरकारी योजना आणि सवलतींसाठी. पार्किंगचा प्रश्न मीटरचा आहे.

म्हणून मीटर मोजा. मी टेप लावून मोजलं. आमच्या तेव्हाच्या पार्किंगच्या जागेपासून लिफ्टपर्यंत 74 मीटर, मध्ये दोन पायऱ्या, आणि पावसाळ्यात निसरड्या होणाऱ्या फरश्या. मग फिजिओथेरपिस्टकडून नवं पत्र घेतलं. आधीच्या पत्रात फक्त निदान होतं. नव्यात त्यांनी लिहिलं की मूल जीएमएफसीएस (सेरेब्रल पाल्सीत हालचालीची क्षमता ठरवणारी श्रेणी) पातळी 3 मध्ये आहे, म्हणजे चालायला हाताने धरायचं साधन लागतं. सलग 20 मीटरनंतर पाय ताठरतात आणि तोल जातो. सोबत दोन आठवड्यांची वही जोडली: कोणत्या दिवशी किती वेळा उचलून न्यावं लागलं, कुठे पडला. 74 आणि 20 हे दोन आकडे एकाच कागदावर आले तेव्हा पहिल्यांदा कमिटीतल्या कुणी मान खाली घालून वाचलं. तुमची मुलगी वाशीच्या महापालिकेच्या दिव्यांगांसाठीच्या ईटीसी केंद्रात जात असेल, तर तिथल्या थेरपिस्टना असंच, अंतर लिहिलेलं पत्र मागा.

दरवाजाचीही गोष्ट लिहा. दोन गाड्यांच्या मध्ये दार अर्धंच उघडतं, स्प्लिंट घातलेले पाय बाहेर काढता येत नाहीत, वॉकर ठेवायला जागा उरत नाही. सुगम्यतेच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत दिव्यांगांच्या पार्किंगची रुंदी 3.6 मीटर आणि प्रवेशद्वारापासूनचं अंतर जास्तीत जास्त 30 मीटर धरलंय, ते याचसाठी.

आता ‘गाडी चालवत नाही’ याबद्दल. दिव्यांगजन हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांग व्यक्तीच्या व्याख्येला वयाची अट नाही. त्याच कायद्याच्या कलम 2 मध्ये काळजी घेणाऱ्या व्यक्तीची व्याख्या आहे आणि तिच्यात आई-वडिलांचा स्पष्ट उल्लेख आहे. गरज मुलीची आहे, गाडी कुणी का चालवेना. वाजवी सोयीची व्याख्याही तिथेच आहे: दुसऱ्यावर अवाजवी भार न टाकता करता येईल असा आवश्यक बदल. हा भाग अर्जात जरूर घ्या. तुम्ही जास्तीची जागा मागत नाही, स्वतःची जागा सोडून आखलेली जागा मागताय, हे पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या.

अर्ज नव्याने लेखी द्या, पोच घ्या, आणि नकार दिला तर कारणांसह लेखी मागा. ‘ती जागा अमक्याने बिल्डरकडून विकत घेतलीय’ असं कुणी म्हणालं तर खरेदीचा कागद दाखवायला सांगा. स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तेव्हा विषयपत्रिकेत घेण्यासाठी वेगळं पत्र आधीच द्या. तरी हललं नाही तर सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात तक्रार, आणि पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज. मी निबंधकांकडे दिलेल्या अर्जाची प्रत सेक्रेटरींना दिली, आणि पुढच्याच बैठकीत विषय निघाला.

त्या बैठकीत मला सांगितलं होतं, मुलाला घेऊन या, किती चालतो ते बघू. मी नेलं नाही. पत्र देणारी थेरपिस्ट त्याला चार वर्षं बघत होती. दहा माणसांसमोर त्याने पडून दाखवायची काही गरज नव्हती. तुम्हालाही असं म्हणतील. शांतपणे नाही म्हणा आणि पत्राकडे बोट दाखवा.

मंजूर झालं तर ठराव तिथेच वाचून घ्या. आमच्या पहिल्या ठरावात गाडीचा नंबर लिहिला होता, वर्षभरात आम्ही गाडी बदलली आणि पुन्हा तोच वाद झाला. ठरावात फ्लॅट नंबर आणि ‘दिव्यांग मुलीच्या गरजेसाठी’ हे शब्द असू द्या, आणि सही-शिक्क्याची प्रत हातात घेऊनच घरी या.