शॉकपासूनही वाचवेल आणि कापण्यापासूनही, असा एकच हातमोजा असतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: आर्मर्ड केबल (वरून स्टीलच्या तारांचं आवरण असलेली) सोलताना हात कापतो म्हणून ‘कट लेव्हल 5’चे, तळव्यावर काळा थर असलेले हातमोजे घेतलेत. तेच घालून चालू पॅनलमध्ये हात घातला तर चालेल का, की विजेसाठी वेगळे घ्यावेत?

वेगळेच घ्या. आणि ते हातात येईपर्यंत हे घालून चालू लाइनच्या जवळही जाऊ नका.

तो काळा थर रबरासारखा दिसतो, तिथेच फसगत होते. तो नायट्राइलचा किंवा पॉलियुरेथेनचा असतो आणि पकड यावी म्हणून दिलेला असतो. तो किती व्होल्ट सोसेल हे कुणी तपासलेलं नसतं. हाताच्या पाठीकडची बाजू तर बहुतेकदा नुसती विणलेली असते, घामाने भिजली की संपलंच. त्यात वरच्या लेव्हलच्या बऱ्याच हातमोज्यांच्या धाग्यात केसासारखी बारीक स्टीलची तार असते. माझ्या एका जुन्या जोडाची तर्जनी टोकाशी झिजली होती आणि उजेडात धरलं की आतली तार चमकायची. सहज म्हणून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वीज वाहत असेल तर वाजतो त्या सेटिंगवर) टाकला आणि त्या तारेला दोन्ही प्रोब टेकवले. मीटर वाजला. शेजारी उभ्या असलेल्या हेल्परला त्यानंतर काही समजावून सांगावं लागलं नाही.

‘लेव्हल 5’बद्दलही जरा बोलतो, कारण त्या आकड्यावर लोक फार विसंबतात. ईएन 388 या हातमोज्यांच्या युरोपीय मानकाच्या जुन्या पद्धतीत एक गोल पातं कापडावर मागेपुढे फिरवतात. धाग्यात स्टील किंवा काचेचा तंतू असला की पातंच बोथट होतं आणि आकडा फुगून येतो. म्हणून 2016च्या आवृत्तीत सरळ पात्याची वेगळी चाचणी आली. तिचा निकाल ए ते एफ अशा अक्षरात देतात: ए म्हणजे कापायला किमान 2 न्यूटन जोर, एफ म्हणजे किमान 30. तुमच्या मोज्यावर हातोडीचं चिन्ह असेल, त्याखाली चार आकडे आणि मग हे अक्षर. एक्स लिहिलं असेल तर ती चाचणी झालेलीच नाही. आर्मरच्या तारांसाठी मी सी किंवा डी बघतो. चौथा आकडा भोसकण्याचा, पण ती चाचणी खिळ्यासारख्या जाड टोकाने होते. तांब्याची एखादी सुटी तार त्यातून आरामात आत शिरते. आणि ड्रिल चालवताना हे हातमोजे काढूनच ठेवा. धागा बिटमध्ये अडकला तर बोट ओढून नेतो.

विजेचे हातमोजे म्हणजे सलग रबर, आयईसी 60903 किंवा एएसटीएम डी 120 या विजेच्या हातमोज्यांच्या मानकांप्रमाणे तपासलेलं. मनगटाजवळ क्लास छापलेला असतो: 00 म्हणजे 500 व्होल्टपर्यंत, 0 म्हणजे 1000, 1 म्हणजे 7500, असं करत 4 म्हणजे 36000. तुमच्या थ्री फेज पॅनलला क्लास 0 पुरतो, त्याची चाचणी 5000 व्होल्टला झालेली असते. ‘सेफ्टीसाठी सगळ्यात मोठा क्लास घेऊ’ हा विचार सोडा. क्लास 0चं रबर जास्तीत जास्त 1 मिलिमीटर जाड असतं, क्लास 4चं 3.6 पर्यंत. इतक्या जाड बोटांनी टर्मिनलचा स्क्रू पकडून बघा, तो खाली बसबारवर (पॅनलमधल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीवर) पडणारच.

या रबरावर चामड्याचे हातमोजे चढवायचे. शॉक रबर अडवतं, चामडं रबराला ओरखड्यांपासून सांभाळतं. चामड्याची बाही रबरापेक्षा आखूडच हवी, क्लास 0ला निदान 13 मिलिमीटरने, नाहीतर करंट चामड्यावरून सरकत थेट मनगटाकडे येऊ शकतो. आणि हे चामडी मोजे दुसऱ्या कामाला वापरू नका, त्यात रुतलेला धातूचा कीस पुढच्या वेळी रबरात घुसतो.

‘एकच जोड’ म्हणाल तर वरून चामडं न घालता वापरायचे कंपोझिट हातमोजे आयईसी 60903 मध्ये आहेत, आणि मीटर लावण्यासारख्या हलक्या कामाला ते सोयीचे पडतात. पण ते घालून केबल सोलायला मी कुणाला सांगणार नाही. मुळात तुम्हाला दोन्ही संरक्षणं एकाच वेळी लागतात का? केबल सोलायची ती लाइन बंद करूनच. शटडाऊन घ्या, लॉक लावा, रबर आणि चामडं घालून तिन्ही फेज डेड आहेत का ते टेस्टरने बघा. मग हातमोजे बदला आणि कटर उचला. उलट क्रमाने, म्हणजे कापण्यापासून वाचवणारे मोजे घालून टेस्टिंग, कधीच नको. त्यातले बरेच एचपीपीई (एक मजबूत पॉलिथिलीन) धाग्याचे असतात आणि तो धागा साधारण 150 अंशाला वितळतो. फ्लॅश (विजेचा भडका) झाला तर कातडीला चिकटेल.

अमेरिकेच्या ओशा (कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) नियमांनुसार रबरी मोजे वापरात आल्यावर दर 6 महिन्यांनी विजेची चाचणी करून घ्यावी लागते. त्याशिवाय रोज वापरण्याआधी हवा भरून बघा. बाहीकडून घट्ट गुंडाळत आणा, हवा बोटांत कोंडली की मोजा फुगतो. तो गालाजवळ धरून एकेक बोट दाबा. घड्या घालून ठेवू नका, घडीच्या जागी रबर तडकतं. तेल-ग्रीस लागू देऊ नका.

एकदा असाच अगदी नवा दिसणारा जोड गालाजवळ धरला तर अंगठ्याच्या बेचक्यातून गार हवेची बारीक रेघ लागली. छिद्र डोळ्यांना दिसत नव्हतं, पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे आले तेव्हा कळलं. तो जोड तसाच कचऱ्यात टाकला असता तर कुणीतरी ‘चांगला आहे की’ म्हणत उचलून घातला असता, म्हणून आधी त्याची बोटं कात्रीने कापली आणि मग टाकला.