मोठ्याने प्रार्थना करता न येणारा बाप मुलांना विश्वासात कसा वाढवील?

चारचौघांत प्रार्थना करायला आपली जीभ वळत नाही, मग मुलांना ख्रिस्ती विश्वासात कसे वाढवावे, असे आपण विचारले आहे. हे वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण हाच आरोप माझ्या वडिलांवर आयुष्यभर होत राहिला आणि तो करणारे त्यांचे सख्खे थोरले बंधू होते.

काका प्रार्थनेला उभे राहिले की मंडळीतील लोकांचे डोळे भरून येत. वडील मात्र मागच्या बाकावर बसत आणि साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सर्वांपुढे सांगायला, कधीच उठत नसत. "तुझ्या मुलांना विश्वास मिळणार तरी कुठून?" असे काकांनी आमच्यादेखत विचारले, तेव्हाही ते काही बोलले नाहीत. पुढे आईला पक्षाघात झाला आणि तिची वाचा गेली. तेव्हापासून ती प्रभूकडे जाईपर्यंत तिला अंघोळ घालणे, भरवणे, रात्रीतून उठून कूस बदलून देणे हे सारे वडिलांनी स्वतः केले. आम्ही हात पुढे केला, तर म्हणत, "वेदीपुढे वचन मी दिलं आहे, तुम्ही नाही." रात्री ते तिच्या उशाशी बसून एक स्तोत्र वाचत आणि शेवटी दोनदा आमेन म्हणत, एक स्वतःचे आणि एक तिच्या वाटणीचे. बाहेर याची वाच्यता त्यांनी कधी केली नाही. काकांना यात साक्ष दिसली नाही. मला मात्र त्या दुसऱ्या आमेनने जे शिकवले, ते कोणत्याही प्रवचनाने शिकवले नाही.

काकांना तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर शुभवर्तमानातच, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रातच आहे. तेथे येशूची आई मरीया हिचा पती योसेफ याच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय त्याला नीतिमान म्हणतो, आणि लग्नाआधीच गरोदर असलेल्या मरीयेची बेअब्रू होऊ नये म्हणून तो तिला गुपचूप सोडू पाहत होता, असे सांगतो. स्वप्नात आज्ञा झाल्यावर तो उठतो आणि तिचा स्वीकार करतो. पुन्हा आज्ञा होते, तेव्हा रात्रीच बाळाला व त्याच्या आईला घेऊन मिसर देशाला निघतो. मंदिरात त्यांनी केलेले अर्पण, दुसरा शुभवर्तमानकार लूक याच्या सांगण्याप्रमाणे, कोकराची ऐपत नसलेल्यांचे होते. देवाने आपला पुत्र ज्याच्या घरात वाढू दिला, तो हा असा माणूस होता. आम्ही कॅथलिक नाही, तरी पोप नववे पायस यांनी १८७० साली त्याला सार्वत्रिक ख्रिस्तसभेचा आश्रयदाता घोषित केले, ते मला अगदी योग्य वाटते. ज्याची प्रार्थना केवळ सभेत ऐकू येते आणि घरात ज्याच्या पावलांची धास्ती वाटते, त्याने इतरांच्या विश्वासाचे माप काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि, अनास्थेमुळे गप्प राहणाऱ्या बापाने योसेफाचा आडोसा घेऊ नये. बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी बोलण्याची आज्ञा आहे आणि ती संकोची माणसालाही लागू आहे. स्वतःचे शब्द सुचत नसतील, तर मुले निजण्यापूर्वी १२१वे स्तोत्र वाचा. त्यात आठच वचने आहेत. आणि मंडळीत कोणी साक्ष मागितली, तर ती आपल्या पत्नीला व मुलांना विचारावी, असे त्यांना नम्रपणे सांगा.